कचारगडची चढण

चिमूरकरांना स्मरणदिनाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. 16 ऑगस्ट 1942 रोजी येथे झालेल्या उठावात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. तेव्हापासून ही तारीख गावाच्या मनावर कोरलेली आहे. याच भागातील गोंड समाज आणखी एक स्मरण जतन करीत आला आहे. त्यासाठी मात्र डोंगर चढावा लागतो. तो डोंगर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातला कचारगड.

माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. चंद्रपूर व गडचिरोलीप्रमाणेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही आदिवासी बांधव येतात. चिमूरकडून जाणाऱ्यास नागभीडला गाडी धरून गोंदिया गाठता येते. तेथून दरेकसा स्थानकावर उतरायचे, मग धनेगाव आणि पुढे जंगलातून पायवाट. वृद्ध माणसे काठी टेकीत, कडेवर मुले घेतलेल्या स्त्रिया मध्येच एखाद्या खडकावर विसावत वर जातात. ‘जय सेवा’ हा परस्परांना करावयाचा नमस्कार वाटभर ऐकू येतो.

वर एक विस्तीर्ण नैसर्गिक गुहा आहे. गोंडी परंपरेतील कथा अशी की, काली कंकालीची मुले शंभूने या गुहेत कोंडली व दाराशी प्रचंड शिळा लोटली. त्यांच्या सुटकेसाठी पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी यत्न केले. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजविली. त्या सुरांनी आतल्या मुलांना बळ आले, शिळा ढकलली गेली. परंतु तिच्याखाली हिरासुका स्वतःच चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने शिक्षण दिले आणि समाजाची सगा-व्यवस्था घालून दिली. चार, पाच, सहा, सात देवांचे म्हणून जे गट ओळखले जातात, त्यांचे मूळ येथे मानतात. एकाच गटातील कुटुंबे भाऊबंद, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. चिमूरच्या एखाद्या घरी लग्न ठरताना वडीलधारी मंडळी हा हिशेब आजही पाहतात, तो या कथेचाच धागा होय.

ज्या समाजाने आपल्या आद्य स्मरणात योद्ध्याबरोबर नव्हे, तर वादकाबरोबर जीव हेलावू दिला, त्याच्याविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांनी पुष्कळ सांगावयास हवे होते.

ही श्रद्धा जुनी असली तरी यात्रेचे आजचे संघटित स्वरूप 1980 नंतरच्या दशकातले आहे. नागपूर येथे रिझर्व्ह बँकेत नोकरी करून गोंडी भाषा व धर्मपरंपरेवर आयुष्यभर लेखन करणारे मोतीरावण कंगाली (निधन 2015) यांचा त्यात मोठा वाटा होता. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख होती. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे यात्रेत एकत्र येणाऱ्या निरनिराळ्या राज्यांतील माणसांना आपली भाषा कानी पडणे, हेही यात्रेचे एक फळच असते.

शासकीय यंत्रणा अशा ठिकाणी पाणी, आरोग्यपथक, वाहतूक यांची व्यवस्था पाहते व ती पाहिलीच पाहिजे. मात्र कागदोपत्री ‘पर्यटनस्थळ’ असा शब्द आला की जागेचा भाव बदलतो. गुहेत जमलेली माणसे सहलीस आलेली नसतात. ती गोंगो, म्हणजे पूजा, करावयास आणि पूर्वजांना भेटावयास आलेली असतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. माघ पौर्णिमेनंतर चार दिवस गैरहजर राहिलेला विद्यार्थी परत आला, तर हजेरीपटावर नुसती खूण करून थांबू नये. हिरासुकाची गोष्ट त्याला वर्गासमोर सांगू द्यावी. शक्य तर प्रथम गोंडीत, मग मराठीत.