मंत्रचळ : शंकेची साखळी आणि तिच्यावरचे उपचार

पुन्हा पुन्हा हात धुणारी, कडी लावल्यावरही ती दहादा ओढून पाहणारी किंवा पूजेत एखादा शब्द चुकला असेल या शंकेने सारे स्तोत्र पहिल्यापासून म्हणणारी व्यक्ती घरात ‘फार सोवळ्याची’ किंवा ‘संशयी’ म्हणून ओळखली जाते, आणि ज्या त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे, उपचारही आहेत, तो वर्षानुवर्षे स्वभावाच्या खात्यावर जमा होत राहतो. मंत्रचळ किंवा बोलचालीत ओसीडी म्हटल्या जाणाऱ्या या आजाराची दोन अंगे असतात. इच्छा नसताना मनात घुसणारे आणि जीव कासावीस करणारे विचार किंवा प्रतिमा हे अनिवार्य विचार होत. त्यांनी निर्माण केलेली भीती शमवण्यासाठी ज्या केल्यावाचून राहवत नाही त्या अनिवार्य कृती होत. यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, किंवा त्यांमुळे काम आणि संसार विस्कळीत झाला, की टापटिपीची हद्द ओलांडून आजाराची हद्द सुरू झाली असे मानले जाते.

सर्वच कृती डोळ्यांना दिसत नाहीत. मनातल्या मनात आकडे मोजणे, प्रार्थना घोकणे, घडून गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून तपासणे याही अनिवार्य कृतीच असतात, आणि सर्वांत मूकपणे सोसला जाणारा प्रकार याच गटात मोडतो. आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल असा विचार मनात येणारी आई सुऱ्या कपाटात कुलूपबंद करते, बाळाजवळ एकटी थांबायला घाबरते आणि मनातली गोष्ट कोणापाशीही बोलत नाही. एस. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की नको असलेले, किळसवाणे किंवा हिंसक विचार बहुसंख्य निरोगी माणसांच्या मनातही येतात. निरोगी माणूस ते झटकून पुढे जातो, तर मंत्रचळाचा रुग्ण त्यांतून स्वतःच्या चारित्र्याचा निवाडा करू लागतो. हा विचार त्या आईला इतका छळतो तो तिचे बाळावर जिवापाड प्रेम असते म्हणूनच, आणि ही गोष्ट तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगणे अत्यंत गरजेचे असते.

शंका आली, कृती केली, घटकाभर बरे वाटले, या क्रमातच आजाराचे मूळ बळकट होते, कारण त्या घटकाभराच्या सुटकेमुळे कृती केली म्हणूनच संकट टळले अशी मनाची खात्री पटते आणि पुढची शंका अधिक जोराने येते. ही साखळी कृतीच्या दुव्यापाशी तोडता येते, हे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांच्या उपचारांतून दाखवून दिले. त्यांपैकी स्वच्छतेच्या विधींनी ग्रासलेल्या एका शिक्षिकेला ज्या वस्तूंची घाण वाटे त्या हाताळायला लावून, तिच्या खोलीतले पाणी बंद करून, धुण्यापासून परावृत्त केले गेले. आज ही पद्धत सामोरे जाणे आणि प्रतिसाद रोखणे या नावाने, रुग्णाच्या संमतीने आणि पायरीपायरीने वापरली जाते. रुग्ण आपल्या भीतींना शून्य ते शंभर असे गुण देतो. चाळीस गुणांची एखादी भीती, समजा सार्वजनिक दाराची मूठ, निवडून तिला हात लावतो आणि हात न धुता बसून राहतो. अस्वस्थता आधी चढते. मग बऱ्याचदा कृतीविनाच ओसरते आणि ओसरली नाही तरी ती सोसता येते, हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळते.

औषधांमध्ये मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी औषधे प्रथम दिली जातात, तर क्लोमिप्रामिन हे त्यांच्याहून जुने औषध आजही उपयोगात आहे. नैराश्यासाठी लागते त्याहून अधिक मात्रा येथे बहुधा लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. ‘पंधरा दिवसांत गुण आला नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणे हे उपचार फसण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. गुण आल्यावरही औषध निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवून मगच डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केले जाते.

कुटुंबाचा वाटा मात्र औषधाच्या चिठ्ठीत लिहिलेला नसतो. ‘गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला विसाव्यांदा ‘हो’ म्हणणारा नवरा, किंवा सुनेच्या आग्रहाखातर बाहेरून येताच अंगावरचे कपडे बदलणारी सासू, ही माणसे मायेनेच वागत असतात, तरीही त्यांचा प्रत्येक होकार त्या साखळीत एक दुवा वाढवतो. एकाएकी नकार देणे किंवा रागावणे हाही उपाय नव्हे. उत्तर एकदाच द्यायचे, नंतर ‘ही शंका आजाराची आहे, आपण ठरवल्याप्रमाणे मी उत्तर देणार नाही’ एवढेच शांतपणे म्हणायचे, असा करार रुग्ण, घरचे आणि उपचारक यांनी मिळून आधी केलेला असावा लागतो. कोणाकडे जावे हे ठाऊक नसलेल्या कुटुंबाला केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.