पांढरं पिल्लू, बंद कान: कुत्र्याच्या अंगावरचा पांढरा रंग येतो कुठून?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. एसटीत बसलाय आणि इअरफोन घरी राहिलाय, तर निवांत वाचा. बोलण्याचा बाज तोच ठेवलाय, फक्त मधले 'अं… म्हणजे काय…' कापून टाकलेत.

आजचा विषय आहे पांढऱ्या कुत्र्यांचा. आपल्या धाराशिव-लातूर-सोलापूर पट्ट्यात कारवान पाळणारी घरं बरीच. त्यामुळे एक प्रश्न नेहमी कानावर येतो: कुत्रीला सहा-सात पिल्लं झाली, बाकीची बदामी, काळी, तांबूस, आणि एकच पांढरंशुभ्र. हे कसं काय? ते जास्त 'प्युअर' का? त्याचे जास्त पैसे द्यावेत का? आणि हाक मारली तर बाकीची पळत येतात, हे मात्र मागं वळूनही बघत नाही. हट्टी आहे का?

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. कुत्र्याच्या अंगावरचा पांढरा पट्टा हा बहुतेक वेळा रंग नसतोच. ती रंग न पोचलेली जागा असते. आणि ज्या पेशी कातडीला रंग देतात, त्याच पेशींची गरज कानाच्या आतही असते. म्हणून कधीकधी पांढरा रंग आणि बहिरेपण हातात हात घालून येतात. आता नीट उलगडून बघू.

पंचकल्याणी घोडा आठवतोय?

जनावराच्या अंगावरचे नमुने ओळखण्यात आपली मंडळी पहिल्यापासून हुशार. काळ्या-पांढऱ्या ठिगळांची शेळी म्हणजे बांडी. कपाळावर पांढरा ठिपका असलेला बैल म्हणजे चांद्या. देवणी गाईत तर नमुन्यावरून नावंच पडलीत: वानेरा, शेवेरा, बालंक्या. आणि चारही पाय पांढरे, वर तोंडावर पांढरा पट्टा, असा घोडा म्हणजे पंचकल्याणी. तो शुभ मानतात.

आता या पाच जागा लक्षात ठेवा आणि गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघा. पांढरं कुठं दिसतं? पंजांवर, छातीवर, पोटाखाली, कपाळावर, शेपटीच्या टोकावर. भर पाठीवर एकच पांढरा ठिपका आणि बाकी सगळं काळं, पंजेसुद्धा काळे, असं कुत्रं सहसा सापडत नाही. हे असं का?

पाठीपासून पंजापर्यंतचा प्रवास

पिल्लू आईच्या पोटात अगदी लहान असताना त्याच्या कातडीत रंगपेशी नसतात. या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्यांची सुरुवात होते पाठीच्या मधोमध, जिथं पुढं मज्जारज्जू बनतो त्याच्या काठाला. तिथून त्या निघतात. वाटेत त्यांची संख्या वाढत जाते आणि त्या दोन्ही अंगांनी खाली उतरत कातडीभर पसरतात.

समजा, गावच्या टाकीतून पाणी सोडलंय. टाकीजवळच्या घरांना भरपूर मिळतं, पण पाणी कमी सुटलं तर शेवटच्या आळीच्या नळाला थेंब येत नाही. कुत्र्याच्या अंगावरची शेवटची आळी म्हणजे पंजे, छाती, कपाळाचा मध्य आणि शेपटीचं टोक. रंगपेशी कमी निघाल्या, उशिरा निघाल्या किंवा वाटेत मेल्या, की पहिला फटका इथंच बसतो. पेशीच पोचली नाही, तर केसाला रंग देणार कोण? केस पांढरा उगवतो.

जरा जास्त तुटवडा झाला, की गळ्याभोवती पांढरा पट्टा येतो. आणखी वाढला, की पांढऱ्या अंगावर काळी-तांबडी ठिगळं उरतात. आणि फारच तुटवडा असेल तर कुत्रं जवळजवळ पूर्ण पांढरं, रंग फक्त कानाजवळ किंवा शेपटीच्या बुडाशी. घोडा, गाय, शेळी, कुत्रं यांच्यात जबाबदार जनुकं वेगवेगळी असू शकतात, पण पेशींचा प्रवास तोच.

बॉक्सर कुत्र्यांनी दिलेला पुरावा

या प्रवासाची सूत्रं कुठल्या जनुकाकडे आहेत, हे 2007 साली बॉक्सर जातीत सापडलं. त्याआधी 2005 मध्ये कुत्र्याचा पहिला तपशीलवार जीनोम प्रसिद्ध झाला होता, तोही टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. मग संशोधकांनी पांढरे आणि पूर्ण रंगीत, असे मिळून जेमतेम वीसेक बॉक्सर घेतले आणि त्यांच्या डीएनएची तुलना केली. बोट थेट एका जनुकापाशी येऊन थांबलं: एमआयटीएफ. रंगपेशी तयार होणं आणि टिकणं, याची चावी या जनुकाकडे असते.

प्रत्येक कुत्र्याला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रकारच्या प्रतीला 'रंगीत' म्हणू, दुसरीला 'पांढरी'. बॉक्सरमध्ये दोन्ही प्रती रंगीत असतील तर कुत्रं भरगच्च रंगाचं. एक रंगीत, एक पांढरी असेल तर पंजे, छाती, गळा पांढरा. दिसायला एकदम ऐटदार. दोन्ही पांढऱ्या असतील तर कुत्रं जवळपास पूर्ण पांढरं.

आता दोन ऐटदार बॉक्सरची जोडी लावली. काय होईल? सरासरी चारातलं एक पिल्लू भरगच्च रंगाचं, दोन आईबापांसारखी आणि एक पांढरं. म्हणजे आईबाप दोघंही पांढरे नसताना पांढरं पिल्लू येतं. त्यात बापाचा घोळ नाही, भेसळ नाही आणि जास्तीचं 'प्युअर' असंही काही नाही. साधं गणित आहे.

पण एक सांगून ठेवतो, हे गणित बॉक्सरचं. कारवान असो, मुधोळ असो की पश्मी, तिथं आकडे जसेच्या तसे लावू नका. पांढऱ्यात इतर जनुकांचाही हात असतो आणि थोडा नशिबाचाही. म्हणून तर एकाच वेतातल्या पिल्लांच्या पंजांवरचं पांढरं सारखं नसतं.

आता कानाकडे या

आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्याच्या भिंतीतही मेलॅनोसाइट बसलेल्या असतात. तिथं त्यांचं काम रंग देणं नाही. कानातल्या द्रवातलं क्षारांचं, मुख्यतः पोटॅशियमचं प्रमाण राखायला त्या लागतात. आवाज पकडणाऱ्या नाजूक पेशी त्या द्रवावरच जगतात. मेलॅनोसाइट तिथवर पोचल्याच नाहीत, तर पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो त्या ऐकणाऱ्या पेशी मरून जातात. पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

याचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे डाल्मेशियन, तेच काळ्या ठिपक्यांचं कुत्रं. त्याची पिल्लं जन्मतात पांढरी, ठिपके साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेल्या तपासण्यांत सुमारे 30 टक्के डाल्मेशियन बहिरे निघाले: 22 टक्के एका कानानं, 8 टक्के दोन्ही कानांनी.

यात एक उलटी गंमत आहे. काही डाल्मेशियन जन्मतःच अंगावर मोठं काळं ठिगळ घेऊन येतात. त्यांच्यात रंगपेशी जास्त पोचलेल्या असतात, त्यामुळे बहिरेपण कमी आढळतं. पण डॉग शोच्या नियमांत ते ठिगळ म्हणजे दोष! दिसण्याचा नियम जपायचा म्हणून चांगल्या कानाची कुत्री बाजूला काढली गेली.

आपल्या देशातलं उदाहरण तामिळनाडूचं, राजपालयम. 2005 मध्ये भारतीय डाक विभागानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळसोबत राजपालयमही होता. दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा. लोकांची पसंती वर्षानुवर्षं याच रूपाला, आणि या जातीत बहिऱ्या पिल्लांचा प्रश्नही जुनाच.

सगळं पांढरं सारखं नसतं

पण म्हणून प्रत्येक पांढऱ्या कुत्र्याला बहिरं ठरवू नका. पांढरं दिसण्याचा दुसराही रस्ता आहे. सामोयेड बघा किंवा अगदी फिकट लॅब्रॅडॉर. त्यांच्यात रंगपेशी सगळीकडे व्यवस्थित पोचलेल्या असतात. फक्त एमसीवनआर नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे केसात काळा रंग न भरता तांबूस-पिवळा भरला जातो, आणि तोही इतका फिका की केस पांढरा वाटतो. पेशी जागेवर आहेत, म्हणून कानही शाबूत.

घरी अंदाज घ्यायचा तर नाक, डोळ्यांच्या कडा आणि ओठ बघा. ते काळेभोर असतील तर बरं लक्षण. नाक गुलाबी, पापण्या गुलाबी आणि त्यात डोळा निळा असेल तर ऐकण्याची तपासणी जरूर करा. हा पक्का नियम नाही, खूण आहे.

अजून एक. ऑनलाइन 'मर्ल' नावाची पिल्लं विकायला दिसतात, राखाडी अंगावर गडद डाग, भारी दिसतात. हा पीएमईएल नावाच्या जनुकातला बदल. एक प्रत बदललेली असेल तर सहसा निभतं. पण मर्लला मर्ल लावला, की सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती तशाच मिळतात. अशा पिल्लांत पांढरं वाढतं, बहिरेपणाचा आणि डोळ्यांच्या व्यंगाचा धोकाही बराच वाढतो. अशी जोडी लावूच नये.

मग करायचं काय?

पिल्लाचे कान जन्मल्यावर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. खात्रीची तपासणी म्हणजे बीएईआर: आवाज ऐकवून मेंदूपर्यंत विजेचा संदेश जातोय का ते यंत्रावर बघतात. ती पाच आठवड्यांनंतर करतात, पण सगळीकडे होत नाही. आपल्या भागात उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं किंवा जवळच्या डॉक्टरांकडे चौकशी करा.

घरी प्राथमिक चाचणी अशी घ्या. पिल्लाला भावंडांपासून वेगळं करा, कारण बहिरं पिल्लू बाकीच्यांचं बघून पळतं आणि आपल्याला फसवतं. ते झोपलेलं असताना मागून, दिसणार नाही असं उभं राहून किल्ल्या वाजवा. पाय आपटू नका, जवळ टाळी वाजवू नका. कंपन आणि वारा त्याला कळतो. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी करा. मात्र एका कानानं बहिरं पिल्लू या चाचणीत सुटून जातं.

पिल्लू बहिरं निघालं तर? हीच खरी गोष्ट आहे, मंडळी. अशी पिल्लं 'हट्टी', 'बिनकामाची' म्हणून मार खातात, हायवेच्या कडेला सोडली जातात. आणि गाडीचा हॉर्न त्यांना ऐकूच येत नाही. पण बहिरं कुत्रं हाताच्या खुणांवर छान शिकतं. बस, ये, थांब, सगळं. रात्री टॉर्च लुकलुकवून बोलवा. झोपेतून उठवायचं तर आधी जमिनीवर हात थोपटा, अचानक अंगाला हात लावला तर ते दचकून चावू शकतं. बाहेर नेताना पट्टा कायम हवा. गुलाबी नाकाच्या कुत्र्याला आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सावलीत ठेवा, रंग नसलेली कातडी भाजते.

आणि वीण घेणाऱ्यांना एकच विनंती. बहिऱ्या कुत्र्याची वीण घेऊ नका, एका कानानं बहिरं असेल तरी नाही. पांढऱ्याला पांढरं लावून 'शुभ्र लाइन' काढायच्या नादी लागू नका. पिल्लू घेणाऱ्यांनो, रंगाचे जास्तीचे पैसे मोजायच्या आधी मागं उभं राहून किल्ल्या वाजवून बघा.

एपिसोड आवडला तर कुत्रं पाळणाऱ्या एका तरी दोस्ताला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!