उमेदवाराचे एक पान

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या धामधुमीतच अधिक ऐकू येतो. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत मात्र त्याचा अर्थ निराळा होता. कारकुनाची जागा मिळेल या आशेवर जो तरुण बिनपगारी काम शिकत बसे, तो उमेदवार. आणि त्याच्या त्या काळाला उमेदवारी म्हणत. महाविद्यालयीन विद्यार्थी आज जिला इंटर्नशिप म्हणतात, ती या उमेदवारीचीच धाकटी बहीण होय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांतील उमेदवारांना करार व विद्यावेतन यांचा आधार दिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा पदवीच्या अभ्यासक्रमाचाच भाग होऊ लागला आहे. पूर्वी ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीने उमेदवारीचे दार उघडे. आज बहुधा एका कागदाने उघडते. त्याला कोणी रेझ्युमे म्हणतात, कोणी बायोडाटा. तो कसा लिहावा, हे येथे सांगावयाचे आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले, १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून मुले-मुली येथे शिकण्यास येत राहिली. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी असा कागद पूर्वी कोणी लिहिलेलाच नसतो. मग झेरॉक्सच्या दुकानातून एखादा तयार नमुना आणावयाचा, नाव बदलावयाचे आणि तोच बुटीबोरीच्या कारखान्याला, तोच मिहानमधल्या कंपनीला पाठवावयाचा, असे चालते. अंगी गुण असलेला विद्यार्थी अशाने मागे राहतो.

पहिला घोटाळा नावापासूनच होतो. ‘बायोडाटा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाचा बायोडाटा येतो. वडिलांचे नाव व व्यवसाय, जात, उंची, वर्ण, भावंडे ही त्याची कलमे. स्थळ पाहताना लोक घराणे पाहतात, म्हणून तेथे ती शोभतात. नोकरी देणारा मात्र एकच गोष्ट विचारीत असतो: आमचे जे काम अडले आहे, ते हा मनुष्य करू शकेल काय? रेझ्युमे हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हे उत्तर कसे द्यावे, याचा एक जुना दाखला इटलीत सापडतो. लिओनार्दो द विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशाकडे काम मागण्यासाठी तयार केलेला पत्राचा मसुदा प्रसिद्ध आहे. जगाने ज्याला चित्रकार म्हणून डोक्यावर घेतले, त्याने त्या पत्रात प्रथम काय सांगितले? वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी उपयोगी पडणारी यंत्रे, तोफा! चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. लुदोविकोला युद्धाची काळजी होती, हे त्याने ओळखले होते. अर्ज करण्यापूर्वी जाहिरात दोनदा वाचावी आणि आपल्याजवळचे जे तेथे लागेल ते वर आणावे, हा धडा त्यातून घ्यावा.

पण आपल्याजवळ लिहिण्यासारखे काहीच नाही, अशी अनेक विद्यार्थ्यांची तक्रार असते. वास्तविक काम केलेले असते. ते काम आहे हेच त्यांना ठाऊक नसते. समजा, काटोलकडची एक मुलगी नागपुरात बी. कॉम. करीत आहे. तिने रेझ्युमेत ‘मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण’ असे लिहिले आहे. हे शब्द कोणीही लिहू शकतो, म्हणून वाचणारा त्यांवरून नजर पुढे नेतो. हीच मुलगी दोन हंगाम घरच्या संत्राबागेचा हिशेब ठेवीत आली आहे, ते मात्र तिने लिहिलेलेच नाही. तिने असे लिहावे: ‘कुटुंबाच्या संत्राबागेचा दोन मृग बहारांचा हिशेब ठेवला, मजुरी, फवारणी, वाहतूक व विक्री यांच्या नोंदी एक्सेलमध्ये करून हंगामाअखेरचा ताळेबंद काढला.’ लेखापालाच्या कचेरीत बसलेल्या माणसाला या एका ओळीतून तिची ओळख पटेल.

राष्ट्रीय सेवा योजनेचेही तसेच. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेच्या शिबिरांना आपल्याकडे असंख्य विद्यार्थी जातात आणि ‘शिबिरात भाग घेतला’ एवढेच लिहून थांबतात. सात दिवस चाळीस जणांच्या जेवणाची खरेदी आणि त्याचा जमाखर्च जर एखाद्याने सांभाळला असेल, तर तो आकड्यासह लिहावा. काय केले, कशाने केले, किती केले आणि त्यातून काय झाले, या चार प्रश्नांवर प्रत्येक ओळ घासून पाहावी.

मांडणीचे नियम थोडे आहेत. विद्यार्थ्याला एक पान पुरते. वर नाव, गाव, दूरध्वनी आणि साधा ई-मेल. गमतीचे टोपणनाव तेथे नको. मग शिक्षण, चालू वर्षापासून मागे. नंतर प्रकल्प व काम, त्यानंतर येणारी कौशल्ये व भाषा. मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत ग्राहकाशी बोलता येत असेल, तर नागपूरसारख्या शहरात ते मोठे भांडवल आहे. ते अवश्य लिहावे. आधार क्रमांक, धर्म, वैवाहिक स्थिती यांची गरज नाही. सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. तेथे विहित नमुना असतो आणि त्यात मागितलेले सर्व भरावेच लागते.

अनेक मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज माणसाच्या हाती पडण्यापूर्वी संगणक चाळतो. चौकटी, चित्रे, रंगीत पट्टे यांत अडकलेला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून मांडणी साधी ठेवावी, जाहिरातीतील शब्द आपल्याला खरोखर लागू असतील तर तेच वापरावेत, आणि कागद पीडीएफ करून त्याला स्वतःचे नाव द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. हल्ली संगणकाला सांगितले की तो क्षणात गुळगुळीत रेझ्युमे लिहून देतो. भाषा सुधारण्यासाठी त्याची मदत घेण्यात गैर काही नाही. परंतु न केलेले काम त्याने लिहिले आणि आपण ते ठेवले, तर मुलाखतीतला दुसरा प्रश्नच आपल्याला उघडे पाडतो. ज्या ओळीवर पाच मिनिटे बोलता येत नाही, ती ओळ खोडावी. पाठविण्यापूर्वी पान एखाद्या शिक्षकाकडून वाचून घ्यावे; शुद्धलेखनाची चूक दिसली की वाचणारा कामातील चुकांचाही अंदाज बांधतो.

इतके करूनही पान अर्धे राहिले, तर विद्यार्थ्याने खचू नये. परीक्षा संपल्यावर उन्हाळ्याची सुटी पुढे असते. एखाद्या दुकानाची वही, एखाद्या प्राध्यापकांचा प्रकल्प, एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची, जे हाती येईल ते काम त्या सुटीत मनापासून करावे. पुढच्या वर्षी त्या पानावर एक खरी ओळ वाढलेली असेल.