दान मिळाले, आता ते जपावे

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर औषधांच्या एका दुकानात आम्ही उभे असता एका वृद्ध शेतकऱ्याने मुलाची चिठ्ठी पुढे केली. "मुलगा आता ठणठणीत आहे. यांतल्या निम्म्याच गोळ्या द्या," ते म्हणाले. मुलाला आईने आपले एक मूत्रपिंड दिले होते. दुकानदाराने चिठ्ठी वाचली व हळूच म्हटले, "काका, तो ठणठणीत आहे तो या गोळ्यांमुळेच."

प्रिय वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परमेश्वराने आपल्या शरीरात एक पहारेकरी ठेवला आहे. रोगजंतू शिरले की तो त्यांस मारतो. परंतु दुसऱ्याचे मूत्रपिंडही त्याला परकेच भासते. ते आईचे आहे हे त्यास कळत नाही. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते, म्हणूनच ते अशा औषधांवाचून टिकले. इतरांच्या बाबतीत त्या पहारेकऱ्यास रोज आवरावे लागते. हे काम टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधे करतात. आणि रोपण केलेले मूत्रपिंड चालू असेतोवर ती घ्यावयाची असतात.

गोळ्या सोडल्या तर लगेच दुखत नाही, हाच खरा धोका आहे. पुष्कळदा आतील बिघाड प्रथम रक्ततपासणीतच दिसतो. म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये.

टॅक्रोलिमस बहुधा बारा-बारा तासांनी घ्यावयाचे असते. सकाळी आठ व रात्री रोझरीनंतर आठ, अशी वेळ बांधून घ्यावी. रक्तातील औषधाचे प्रमाण पाहावयाचे असेल त्या सकाळी गोळी बरोबर न्यावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी. एखादी वेळ चुकल्यास पुढे दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. उलटी वा जुलाब झाल्यास डॉक्टरांस विचारावे. पपनस खाऊ नये. आपल्या मनाने गोळीची कंपनी बदलू नये.

ताप किंवा अंगदुखी झाली म्हणून गावच्या दुकानातून परस्पर औषध आणू नये. एरिथ्रोमायसिनने रक्तातील टॅक्रोलिमस वाढते, क्षयावरील रिफॅम्पिसिनने ते घटते, तर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडासच इजा होते. मायकोफेनोलेट गर्भास अपायकारक आहे. म्हणून मूल हवे असलेल्या सुनेने वा लेकीने आधीच डॉक्टरांशी बोलावे.

कित्येक भाविक उपवासाच्या भयाने गोळी लांबवतात. तसे करण्याचे कारण नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास पाण्याने किंवा औषधाने मोडत नाही, असे ख्रिस्तसभेचा नियमच सांगतो.

आता त्या वृद्ध गृहस्थांची खरी अडचण सांगतो. ती गैरसमजाची नव्हती, पैशाची होती. आवाज खाली करून त्यांनी तसे सांगितले. दुकानदाराने त्यांस दोन आठवड्यांच्या पुऱ्या गोळ्या दिल्या आणि तेवढ्या अवधीत आपली तंगी डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडण्यास सांगितले. अडचण कळली तर डॉक्टर काही मार्ग शोधू शकतात. लपवलेली अडचण मात्र मूत्रपिंडाच्या जिवावर उठते.

आपल्या गावात असा रुग्ण असेल, तर त्यास गोळीची वेळ झाली का, एवढे प्रेमाने विचारा. आईने एकदा दिलेले दान घरातील सर्वांनी मिळून रोज जपावयाचे असते.