नाही म्हणण्याइतकी जमीन

२०१८ साली नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली, तेव्हा चर्चा झाली ती अस्मितेची आणि महाराष्ट्र सरकारच्या दुर्लक्षाची. मागणीमागे अगदी रोकडं कारण होतं. त्याच वर्षी मे महिन्यात तेलंगणा सरकारने ‘रयतू बंधू’ योजना सुरू केली होती आणि शेजारच्या बासर-मुधोळच्या जमीनमालकांच्या खात्यात एकरी ४ हजार रुपये जमा होत होते. रक्कम दर हंगामाची, म्हणजे वर्षातून दोनदा मिळणारी. पुढच्याच वर्षी ती ५ हजार झाली. कर्जासाठी बँकेच्या आणि नुकसानभरपाईसाठी तलाठ्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या धर्माबादच्या शेतकऱ्याला हे पैसे दिसणारच. पण एक गोष्ट या चर्चेत राहून गेली. बासर भागातही दुसऱ्याची जमीन बटईने किंवा खंडाने कसणाऱ्याच्या हाती या योजनेतून एक पैसा पडत नव्हता. घाम त्याचा, खताचं कर्ज त्याचं, पीक बुडालं तर नुकसान त्याचं; अनुदान मात्र पट्टा ज्याच्या नावावर त्याला. सरकार मदत शेतीला करतं की मालकीला, हा प्रश्न तिथे उभा राहतो. आणि त्याच्या मागे त्याहून जुना प्रश्न आहे : मालमत्ता माणसाला लागते ती नेमकी कशासाठी?

हा प्रश्न तपासायला बासरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. गोदाकाठचं हे सरस्वतीचं क्षेत्र १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेली. २०१६ च्या जिल्हा विभाजनानंतर बासर निर्मल जिल्ह्यात आलं. धर्माबाद नांदेडातच राहिलं. दोन्हीकडे काळी माती तीच, सोयरिकी त्याच, मराठी-तेलुगूची सरमिसळ तीच. निजामी अमलाचा वारसा तोच आणि १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदाही तोच. बदलत गेलं ते कागदावरचं राज्य. त्यामुळे जमिनीची विषमता माणसाच्या स्वभावातून येते की नियमांतून घडते, हे इथे बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

उदारमतवादाची आपल्याकडे पोचलेली गोष्ट साधारण अशी आहे. माणूस स्वभावतः स्वार्थी आणि मिळवता असतो. तो कष्ट करून वस्तू आपली करतो. राज्याचं काम ती राखण्याचं. कष्ट आणि अक्कल कमीजास्त, म्हणून मालमत्ताही कमीजास्त. ही गोष्ट जॉन लॉकच्या नावावर खपते. पण १६८९ च्या ज्या ग्रंथातून ती उचलली जाते, त्यातच लॉकने अट घातली होती : सामाईक निसर्गातून एखादी गोष्ट आपली करताना इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. अनुयायांना मालकी आठवली, अट विसरली. माणूस म्हणजे आधी मालक, मग नागरिक, हे गृहीतक एका विशिष्ट बाजारी समाजाचं आहे, ते सनातन मनुष्यस्वभाव नव्हे, असं कॅनडाचे विचारवंत सी. बी. मॅकफर्सन यांनी १९६२ मध्ये साधार दाखवून दिलं. त्याआधी दोनशे वर्षं, १७५५ मध्ये, रूसोने निसर्गाने दिलेली विषमता आणि माणसांनी करार-कायद्यांनी उभी केलेली विषमता यांत फरक केला होता.

या दुसऱ्या प्रवाहातला आपल्याला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे टॉमस पेन. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ने तरुण जोतीराव फुल्यांना घडवलं, हे सर्वश्रुत आहे. पेनचं १७९७ चं ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ हे छोटं पुस्तक तितकं वाचलं जात नाही. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. जमीन कोणी निर्माण केली नाही. तिच्यात केलेली सुधारणा तेवढी कसणाऱ्याची. म्हणून जमीन अडवून बसलेला प्रत्येक मालक बाकीच्या समाजाचं देणं लागतो. वारशावर कर लावून निधी उभारावा आणि त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड, पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. पेन मालमत्तेचा शत्रू नव्हता. मालमत्तेमुळे माणूस स्वतंत्र होतो, हे त्याला मान्यच होतं. त्याचा मुद्दा इतकाच की एवढी मोलाची गोष्ट मूठभरांकडे राहिली, तर बाकीच्यांचं स्वातंत्र्य नावापुरतं उरतं. मालमत्तेचं खरं मोल ‘नाही’ म्हणता येण्यात आहे : वाईट मजुरीला नाही, बेइमान कराराला नाही, अपमानाला नाही. कोणत्याही मालकी-व्यवस्थेला उदारमतवादाने हीच एक कसोटी लावावी, असं माझं म्हणणं आहे.

ही कसोटी हैदराबाद संस्थानाला लावून पाहू. संस्थानाचा सुमारे ४० टक्के मुलूख जहागिरी आणि निजामाच्या खासगी ‘सर्फ-ए-खास’मध्ये अडकलेला होता. कर्ज फिटेपर्यंत सावकार-जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘भगेल्यां’च्या करारांना आळा घालायला खुद्द निजाम सरकारला १९३६ मध्ये कायदा करावा लागला होता. पोलीस कारवाईनंतर ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. जून १९५० मध्ये कूळ कायदा आला. त्याने दीर्घकाळ कसणाऱ्यांना ‘संरक्षित कूळ’ ठरवलं आणि त्यांची नोंद केली. त्या काळातला हा देशातल्या सर्वांत पुढारलेल्या कायद्यांपैकी एक. पुढे काय झालं, ते उस्मानिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांनी १९५८ च्या अहवालात मांडलं. १९५१ मध्ये संरक्षित असलेल्या कुळांपैकी १९५४-५५ पर्यंत सुमारे ४५ टक्के त्याच हक्काने टिकून होती आणि १२ टक्क्यांनी जमीन विकत घेतली होती. जेमतेम ३ टक्क्यांना कायद्याने काढलं गेलं. सुमारे २२ टक्क्यांना बेकायदा हुसकावलं गेलं. आणि सुमारे १८ टक्क्यांनी आपला हक्क ‘स्वखुशीने’ सोडून दिला.

हे १८ टक्के नीट पाहण्यासारखे आहेत. राजीनामा लेखी हवा आणि तो खऱ्या इच्छेने दिला असल्याची तहसीलदाराने खात्री करून घ्यावी, अशी अट कायद्यातच होती. म्हणजे कागद, अंगठा, साक्षीदार, शिक्का सगळं जागच्या जागी. पण मालकच सावकार, मालकच गावचा देशमुख, बियाणं त्याच्याकडून, लग्नाला उचल त्याच्याकडून आणि राजीनाम्यातला मजकूर वाचून दाखवणाराही त्याच्याच बैठकीतला. अशा माणसासमोर तहसीलदाराने ‘राजीखुशीने सोडतोस ना?’ असं विचारल्यावर कूळ काय उत्तर देणार? करार निर्दोष होता, पण नकार देण्याची ऐपत एकाच बाजूला होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी हेच निदान केलं होतं : शेतकरी नागवला जातो तो आळसाने नव्हे, तर कागदपत्रं आणि कचेऱ्या ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याकडून. बासरला आजही दोन्ही राज्यांतून आईबाप मुलांना अक्षराभ्यासासाठी आणतात. या मुलखात अक्षर आणि जमीन यांचं नातं किती जवळचं आहे, हे त्यांतल्या अनेकांच्या पणजोबांना ठाऊक होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वभावाचा : कायदा कोणताही करा, माणूस हावरा तो हावराच. खुस्रोंचे आकडे या म्हणण्याला पुरता आधार देत नाहीत. हाव सगळीकडे सारखीच धरली, तरी निम्म्याहून अधिक कुळं टिकली किंवा मालक झाली आणि बाकीची उखडली गेली. मग फरक कशाने पडला? नोंद पक्की होती का, कूळ संघटित होतं का, जमीन विकत घ्यायला पैसा होता का, तहसील कोणाची होती, असल्या गोष्टींनी. स्वभाव बदलता येत नसेल. त्याला कोणती वाट मोकळी ठेवायची, हे नियम ठरवतात.

आजही नियमच ठरवतात. ‘रयतू बंधू’ला जमिनीची वरची मर्यादा नव्हती. हंगामी ५ हजारांच्या दराने एका एकराच्या मालकाला वर्षाला १० हजार मिळत. कोरडवाहूची कमाल धारणा दोन्ही राज्यांत ५४ एकर आहे. तेवढी जमीन असलेल्याला ५ लाख ४० हजार. तो हैदराबादेत राहून जमीन खंडाने देत असला तरी. पट्टेदार वारला तर ‘रयतू बीमा’चे ५ लाख त्याच्या घरी, खंडकरी गेला तर काही नाही. भरीला, जमिनीच्या नोंदी ‘धरणी’ पोर्टलवर नेताना जुन्या पहाणीतला प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना गळाला. ज्या नोंदीच्या बळावर १९५० मध्ये कूळ उभं राहिलं, ती नोंदच गेली. केंद्राची ‘पीएम-किसान’ योजना एकरामागे न देता कुटुंबामागे वर्षाला ६ हजार देते. म्हणजे दोन एकरवाला आणि चाळीस एकरवाला तिच्या लेखी सारखेच. समतेच्या दृष्टीने ती बरी. पण तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच. देशात अल्प व अत्यल्प भूधारकांची खाती सुमारे ८६ टक्के असून त्यांच्याकडे क्षेत्र ४७ टक्के आहे, असं २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. एकरी अनुदान ही दरी नुसती राखत नाही, सरकारी खर्चाने रुंदावते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कुळाला संरक्षण दिलं की मालक जमीन खंडाने द्यायचंच बंद करतो किंवा तोंडी, हंगामापुरती देतो आणि कसणारा दरवर्षी बदलतो. हे खरं आहे. कूळ लागेल या धास्तीने मराठवाड्यात बटई आजही तोंडीच चालते. पण यातून निघणारा निष्कर्ष संरक्षणच नको असा नाही. मालकी आणि कसणूक यांची नोंद वेगवेगळी ठेवली की ही कोंडी फुटते. अविभाजित आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा करून खंडकऱ्याला कर्जासाठी ओळखपत्र दिलं. मालकीला त्याने हात लावला नव्हता. नीती आयोगाचा २०१६ चा आदर्श खंड कायदाही याच वाटेने जातो. मालकाची धास्ती आणि खंडकऱ्याचा हक्क एकाच कायद्यात सांभाळता येतात. अडतं ते अंमलबजावणीत.

तिसरा आक्षेप शरद जोशींच्या परंपरेतला. मालमत्तेचा हक्क सैल केला की त्याचा पहिला फटका श्रीमंताला नाही, शेतकऱ्याला बसतो, असं ही परंपरा सांगते. बासरच्या काठाने हे ऐकायलाच हवं. श्रीरामसागर धरणाची पायाभरणी १९६३ मध्ये झाली, त्याचा फुगवटा बासरपर्यंत येतो आणि त्यात गेलेल्या जमिनी १८९४ च्या संपादन कायद्याने घेतलेल्या आहेत. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७९ पासून मालमत्ता हा मूलभूत हक्कही राहिला नाही. सरकारपुढे उभं राहायला गरिबाला मालकी लागतेच. पण हा आक्षेप माझ्या कसोटीच्या विरोधात जात नाही, तिला बळच देतो. हक्क नकारासाठी हवा असेल, तर तो जमीनमालकाइतकाच कसणाऱ्यालाही हवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने हे मान्य केलं : संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेली कुळं आणि मजूरही त्यात बाधित धरली जातात. जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्याच्या नावची जमीन बायकोच्या नावावर करायला लावली, त्यामागेही हेच तत्त्व आहे. खासगी मालकी ठेवा, पण ती पसरवा.

दोन मोठ्या मराठी माणसांनी याच प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं दिली. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन राज्याची करून सामुदायिक शेती घटनेतच लिहावी, असं मांडलं. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्याच पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं आणि हृदयपरिवर्तनाची वाट खुली झाली. आंबेडकरांनी मालकाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही. विनोबांनी सगळी त्याच्यावरच ठेवली. सर्व जमीन राज्याच्या हाती गेली, तर राज्याला नाही म्हणण्याची ताकद कोणाकडे राहील, हा प्रश्न पहिल्या वाटेवर उरतो. दुसरीवर दान म्हणून जाहीर झालेल्या जमिनीतला मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत कधी पोचलाच नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स ज्या समाजाचं चित्र रंगवतात, त्यात गरिबाला मागाहून मदत देण्याऐवजी मालमत्ता सुरुवातीपासूनच व्यापक वाटलेली असते. तो या दोन्हींच्या मधला रस्ता आहे.

त्या रस्त्यावर थोडी हालचाल दिसते. जानेवारी २०२५ पासून तेलंगणात ‘रयतू बंधू’च्या जागी एकरी हंगामी ६ हजारांची ‘रयतू भरोसा’ योजना आली. तिच्याच बरोबर रोजगार हमीवर राबणाऱ्या भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२ हजारांची ‘इंदिरम्मा आत्मीय भरोसा’ योजना आली. जमीन नसलेल्यालाही सरकार काही देणं लागतं, हे पेनचं म्हणणं सव्वादोनशे वर्षांनी गोदाकाठी पोचलं, तेही अर्धंमुर्धं. उरलेलं काम अवघड असलं तरी अस्पष्ट नाही. दोन्ही राज्यांनी मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याचा रकाना पुन्हा भरावा. अनुदान एकरावर न मोजता कुटुंबावर मोजावं आणि त्याला वरची मर्यादा घालावी. देशातल्या वहितीच्या खात्यांत बाईच्या नावाची सुमारे १४ टक्केच आहेत. तो आकडा वाढवणाऱ्याला नोंदणी फुकट करावी. धर्माबादकरांनी तेलंगणात जायचं की महाराष्ट्रात राहायचं, हे खुशाल ठरवावं. पण मागणी करताना आपल्या वावरात राबणाऱ्या बटईदाराचं नावही तीत घालावं. त्याच्याशिवाय केलेली मागणी शेतकऱ्यांची नाही, फक्त पट्टेदारांची आहे.