दारातली काच बदलताना

गेल्या मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि आमच्या सांगलीच्या जुन्या घरातलं मधलं दार आपटू लागलं. ते अडवायला आठ वर्षांच्या भाच्यानं हात पुढे केला. तळवा लाकडावर न पडता नेमका काचेवर पडला आणि हात आरपार गेला. मनगटाच्या वर ७ टाके पडले, शीर थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी सुतारमामा आले. खाचेत उरलेले काचेचे सुळे बघून म्हणाले, "३ एमएमची साधी काच टाकू, अर्ध्या तासाचं काम."

मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. ती काच त्या दारात ५०-६० वर्षं होती. त्या काळात दार कितीदा तरी आपटलं असेल. मग एका मुलाच्या हातानं ती का फुटावी?

काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध चांगले बळकट असतात. त्यांच्यावरून गणित मांडलं तर काच ओढून तोडायला १०,००० मेगापास्कलांच्या आसपास ताण लागायला हवा. (१ मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो वजन.) प्रत्यक्षात खिडकीची काच काही दशक मेगापास्कलांतच तुटते. एवढी तफावत का, याचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२० च्या सुमारास केला. त्यानं काचेचे धागे ओढून ते तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा धागा १७० मेगापास्कलला तुटला, तर ३ मायक्रॉनचा धागा ३,४०० मेगापास्कलपर्यंत टिकला. पदार्थ तोच, पण बळ वीसपट! दोष काचेत नसून तिच्यावरच्या बारीक चिरांत आहे, असा निष्कर्ष त्यानं काढला. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. लोखंडात अशा वेळी टोकाजवळचा धातू थोडा ओघळतो आणि चीर बोथट होते. काचेला ते जमत नाही, त्यामुळे टोक धारदारच राहतं आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की चीर धावत सुटते. शेंगदाण्याच्या प्लास्टिकच्या पुडीला कडेला खाच का असते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा.

आता आमच्या दाराकडे येऊ. इतकी वर्षं ती काच फडक्यानं पुसली जात होती. फडक्यावरच्या धुळीत गारेचे कण असतात आणि गार काचेपेक्षा कठीण असते. म्हणजे रोजच्या स्वच्छतेतून आपण ओरखडेच वाढवत होतो. हवेतली वाफ चिरेच्या टोकाशी पोचून ताणलेले बंध सावकाश तोडते, हा आणखी एक भाग. तुकड्यांच्या कडा भिंगातून पाहिल्या तेव्हा त्यांवर कमानीसारख्या बारीक रेषा दिसल्या. कमानीची फुगीर बाजू तडा ज्या दिशेनं गेला ती दाखवते, म्हणून उलट दिशेनं माग काढत गेलो. तो खालच्या कोपऱ्यातल्या एका चुकेपाशी संपला. तिथली लांबी वाळून गळून पडली होती आणि चुकेचं डोकं थेट काचेला टेकलं होतं. भाच्याच्या हातानं शेवटचा धक्का दिला, इतकंच. (हे पाहताना चामड्याचे हातमोजे घालावेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा.)

मामांची हिरकणीही याच तत्त्वावर चालते. हिरकणी काच कापत नाही, एक सरळ चीर पाडते. मग चिरेची बाजू ताणली जाईल अशा बेतानं काच वाकवली की ती त्या रेषेवर मोडते. मामा एका रेषेवर हिरकणी दुसऱ्यांदा कधीच फिरवत नाहीत. ग्रिफिथ वाचला नसला तरी त्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

चिरा टाळता येत नाहीत, पण त्या उघडू न देणं जमतं. टफन्ड काच बनवताना ती सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड हवेच्या झोतांनी झटकन निववतात. पृष्ठभाग आधी गोठतो. आतला भाग मागाहून आकसताना पृष्ठभागाला आत खेचतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि पोटात ताण राहतो. दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका थर दाबाखाली असल्यानं वरवरचे ओरखडे मिटलेलेच राहतात. म्हणून अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट भार सोसते आणि फुटलीच तर सुळे न होता बोथट दाणे होतात. पोलरॉइड चष्म्यातून मोटारीच्या मागच्या काचेवर जे ठिपके दिसतात, ती याच दाबाची खूण.

अडचण इथेच येते. ही काच नंतर कापता येत नाही. चीर पोटातल्या ताणापर्यंत पोचली की सगळी काच एकदम दाणे होऊन पडते. म्हणजे माप आधीच अचूक हवं, आणि जुनं दार कधी काटकोनात नसतं. आमच्या खाचेच्या दोन कर्णांत ५ मिलिमीटरचा फरक निघाला. शेवटी पुठ्ठा कापून खाचेत बसवला, प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर सोडले आणि तो पुठ्ठाच दुकानात दिला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार पिळतं, तेव्हा ही मोकळीक लागतेच. वजनही मोजलं. चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो, या हिशेबानं ४५ बाय ७५ सेंटिमीटरची ५ एमएमची काच सव्वाचार किलो भरते. बिजागऱ्यांना तेवढं चालणार होतं. जिथे माप घेणं फारच अवघड असेल तिथे लॅमिनेटेड काच घ्यावी. ती दुकानदार कापून देऊ शकतो आणि फुटली तरी तुकडे मधल्या प्लास्टिकला चिकटून राहतात.

नऊ दिवस दाराला पुठ्ठा होता. मग मामांनी खाली रबराचे दोन तुकडे ठेवून काच उभी केली, सगळीकडे लांबी भरली आणि बिडिंगपट्टी ठोकली. या वेळी चुका तिरक्या मारल्या, काचेपासून दूर. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का असतो. तो मी बसवण्याआधीच पाहून घेतला होता.

शाळेतल्या प्रयोगशाळेची कपाटं आणि वर्गांची दारं एकदा या नजरेनं पाहा. मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर साधी काच असेल आणि ती लगेच बदलणं परवडत नसेल, तर तिच्यावर सेफ्टी फिल्म चिकटवून घ्या. काच तेवढीच ठिसूळ राहील, पण तुकडे जागच्या जागी धरले जातील.