विज्ञानशिक्षकाला काय हवे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रयोगशाळा नसेल, तर विज्ञान फळ्यावरच शिकवावे लागते.

बारावीच्या रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागतेच, म्हणून हे म्हणणे पटते. सहावी ते आठवीचे विज्ञान मात्र भिंगे, फुगे, सेल, बिया आणि बाटल्या एवढ्यावर बरेच पुढे जाते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात खेड्यातील मुले गटागटाने प्रयोग करूनच शिकली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या करण्याची विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांची कल्पना याच कार्यक्रमातली.

शाळेला आधुनिक साहित्य मिळाले की काम झाले.

साहित्य डोळ्यांना दिसते, म्हणून सुधारणा झाल्यासारखी वाटते. केंद्र सरकारच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि ते स्वागतार्हच आहे. पण फुटलेल्या वस्तूचा जाब डेडस्टॉक रजिस्टर पुढे ठेवून शिक्षकालाच विचारला जाणार असेल, आणि निवडणूक-जनगणनेची कामेही त्याच्याच माथी असतील, तर कपाट बंद राहते.

बी.एस्सी., बी.एड. झालेल्याला विषय येतोच. आणखी मदत कशाला?

मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून वर ग्लास पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी चढते. ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, पाणीही साधारण तेवढेच चढलेले दिसते; मग शंका कोण घेणार? प्रत्यक्षात ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी झपाट्याने चढते ते मुख्यतः ज्योत मंदावून विझल्यावर, कारण तापून फुगलेली हवा थंड होऊन आकसते. तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी चढते, ऑक्सिजन मात्र वाढलेला नसतो. हे एखाद्या मुलीच्या लक्षात आले आणि तिने वर्गात विचारले, तर पदवी पुरत नाही. प्रयोग पुन्हा करून पाहायला वेळ लागतो आणि बोलायला विषयातला सहकारी लागतो. लहान शाळेत विज्ञानाचा शिक्षक बहुधा एकटाच असतो.

दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरेसे असते.

प्रशिक्षणात सारे समजल्यासारखे वाटते. अडचण येते ती नंतर, वर्गात. म्हणूनच होशंगाबादच्या कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका होत, त्यांचे अनुभव ऐकून पाठ्यपुस्तक सुधारले जाई. परीक्षेतही पुस्तक उघडे असे आणि प्रयोग करून दाखवावा लागे. राज्य शासनाने हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला. त्याची रीत मात्र आजही उचलता येते. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच. केंद्रप्रमुखांनी त्यातला एक तास परिपत्रकांऐवजी एका प्रयोगासाठी राखावा, आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या हातून फुटलेल्या परीक्षानळीची भरपाई शिक्षकाकडे मागू नये.